दीड ओळीतल्या अपेक्षा

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही हो. माळ्यावर रिकामी खोकी कशी साठतात? एकही आपण ठेवल्याचं आठवत नाही, आणि एक दिवस माळा उघडला की सगळी डोक्यावर! आमच्या जुन्या ऑफिसातली दोन माणसं नौपाड्यात भाजी घेताना जरी भेटली, तरी अर्धा तास त्या भाजीवाल्याचा धंदा बंद. परवा तसंच झालं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "मेथी आणायला गेलेलीस ना? मेथी कुठाय?" मेथी राहिली तिथेच. किस्से तेवढे आणले.

तर ऑफिस होतं ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. खाली पत्र्याचे पार्ट ठोकणारं वर्कशॉप, वर आम्ही. खालचा प्रेस 'धाड' करून आपटला की वर आमचे मॉनिटर दचकायचे. नव्वदचं दशक संपत आलेलं. मालक दामले साहेब, प्रोग्रामर निलेश भोईर आणि टेस्टर मी, मीनल. बाकी माणसं यायची आणि जायची.

टेस्टर म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई! आम्ही जन्मभर फुकट केलं की हे काम!"

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं डोंबिवलीतलं एक वधूवर सूचक मंडळ. सगळ्या जातीधर्मांना खुलं. ते चालवायचे परांजपे काका, निवृत्त हेडमास्तर. मुलामुलींची सगळी माहिती कॉम्प्युटरमध्ये भरायची, आणि कोणाला कोणाचं स्थळ दाखवायचं ते छापून पोस्टाने पाठवायचं. हे छापायचं काम स्टोअर्ड प्रोसीजर करायची. स्टोअर्ड प्रोसीजर म्हणजे काय, तर डेटाबेसच्या पोटात आधीच लिहून ठेवलेली कृती. हाक मारली की चालायला लागते. आणि तिच्यात अक्षरं भरायचे जे डबे असतात ते स्ट्रिंग व्हेरिएबल. आमच्या सगळ्या भानगडी या डब्यांमधल्याच.

आता गंमत बघा. हे सगळं लिहिणारा निलेश स्वतः बिनलग्नाचा! कल्याणच्या खाडीकडच्या गावातला. हुशार, सरळ, तिशी ओलांडलेला, आणि मुलीसमोर बसवला की मुका. त्याच्या आईने त्याचंही नाव त्याच मंडळात घातलेलं. म्हणजे याने प्रोग्राम लिहायचा आणि त्याच प्रोग्राममधून याला बायको मिळायची. साहेबांना काळजी गिऱ्हाईकाची, आणि मला काळजी या पोराच्या लग्नाची. त्याची आई मला ऑफिसात फोन करायची, "मीनल बाय, मशीनमदी काय गावला का गो?"

* * *

पहिलाच घाणा. निलेशचं स्थळ छापून पाच-सहा घरी गेलं, आणि कोणाचंच उत्तर येईना.

एक दिवस एक मुलीचे वडील मंडळात आले. हातात निलेशचा कागद. वर फोटो, खाली मंडळाचा शिक्का, मधे काही नाही. कोरा करकरीत!

काकांनी आम्हाला फोन केला, "अहो, तुमच्या मुलाने स्वतःची माहितीच लपवलीय!"

निलेश बसला शोधायला. झालेलं असं, की त्याच्या आईला त्याची जन्मवेळ माहीत नव्हती, म्हणून ती जागा रिकामी सोडलेली. आणि प्रोसीजर नाव, शिक्षण, उंची, जन्मवेळ असं सगळं एकाला एक जोडत जायची. त्यात एक जरी गोष्ट अजिबात भरलेली नसेल, तर डेटाबेस म्हणायचा, मग मला काहीच माहीत नाही! सगळं बेरजेचं गाठोडं गायब. एका जन्मवेळेपायी पोराचं शिक्षण, नोकरी, उंची, सगळं गेलं.

निलेशने दुरुस्ती केली. पण त्या वडिलांनी जाताना काकांना सांगितलं, "आजवर आलेल्या स्थळांत हे एकच असं, ज्यात खोटं काही लिहिलेलं नाही."

* * *

मग निलेशने डबे बदलले. आता जो प्रकार वापरला त्यात अक्षरं कमी पडली की डेटाबेस उरलेली जागा रिकाम्या अक्षरांनी भरून टाकायचा. त्यामुळे पत्रावर 'चि. निलेश' एका टोकाला आणि 'भोईर' पार दुसऱ्या टोकाला. मधे वावभर मोकळं रान.

स्क्रीनवर हे मला दिसलंच नाही, कारण स्क्रीनवर प्रत्येक गोष्टीला आपापली चौकट होती. छापल्यावर कळलं. काकांनी ताबडतोब फोन केला. आवाज हेडमास्तरांचा.

"ही मधली जागा कशासाठी सोडलीय?"

निलेश म्हणाला, "काका, ती चुकून..."

"चुकून वगैरे काही नाही! आमच्या मंडळात हुंडा घेत नाहीत आणि देत नाहीत. आकडा लिहायला जागा सोडायची नाही!"

साहेबांनी निलेशला आत बोलावून शांतपणे विचारलं, "तू नक्की किती मागतोयस?"

* * *

डिसोझा अंकल ठाण्यातच राहायचे. मुलीचं नाव नोंदवायला मंडळात आले आणि सगळं ठप्प! झालं काय, इंग्रजीत त्यांच्या आडनावात डी नंतर वर एक स्वल्पविराम असतो. आमच्या प्रोसीजरला वाटायचं, अक्षरांचा मजकूर इथेच संपला. पुढचं 'सोझा' म्हणजे काहीतरी हुकूम आहे असं समजून ती तो पाळायला जायची आणि तोंडावर आपटायची.

काका त्यांना म्हणाले, "रागावू नका, पण तुमचं नाव घेतलं की मशीन बंद पडतं."

अंकल म्हणाले, "नो प्रॉब्लेम. माझा नाव घेतला की आमच्या सोसायटीची मीटिंगपण बंद पडते."

निलेशने उपाय केला. तिथे एकाऐवजी दोन चिन्हं द्यायची, म्हणजे डेटाबेसला कळतं की हे नावातलंच आहे. पण हा शहाणा दर वेळी माहिती सेव्ह करताना दुप्पट करत सुटला. एकाची दोन, दोनाची चार, चाराची आठ! फोन नंबर बदलला म्हणून सेव्ह, पत्ता बदलला म्हणून सेव्ह. थोड्या दिवसांत डी आणि सोझा यांच्यामधून मुंग्यांची रांग चाललेली.

आम्हाला वाटलं, आता अंकल भांडायला येणार. अंकल आले, कागद बघितला, आणि खूश! "बाकी सगळ्या डिसोझांना एकच असतो," म्हणाले.

* * *

आता हा माझा लाडका.

प्रोसीजर चालताना आत काय चाललंय ते दिसायची तेव्हा आमच्याकडे काही सोय नव्हती. मग निलेश काय करायचा, मधे मधे तिलाच बोलायला लावायचा. 'इथे पोचलो.' 'नाव घेतलं.' 'अजून जिवंत आहे.' ज्या वाक्यानंतर ती गप्प झाली, तिथे घोटाळा. चूक सापडली की ही वाक्यं पुसून टाकायची. मी रोज ओरडायचे, "निलेश, पुसलीस का?" तो म्हणायचा, "पुसली गं बाई!"

पत्रिका जुळवायच्या प्रोसीजरमध्ये एक राहिलं. आणि प्रोसीजर जे बोलेल ते प्रिंटर छापणार, त्या बिचाऱ्याला काय कळतंय?

घंटाळीतल्या एका घरी स्थळ गेलं. वर गुणमेलन, ग्रह, नाडी. आणि खाली ठळक अक्षरांत: 'इथपर्यंत ठीक दिसतंय. पुढे नक्की काहीतरी गडबड आहे.'

हलकल्लोळ! मुलीची आत्या मंडळात येऊन बसली. "कोण तुमचे गुरुजी? मला त्यांनाच भेटायचंय!" काकांनी सरळ आमचा नंबर दिला. आत्याबाईंनी फोनवर निलेशला विचारलं, "अहो, गडबड नक्की कधी आहे? लग्नाआधी का नंतर?"

निलेश प्रामाणिकपणे म्हणाला, "अजून सापडली नाही. शोधतोय."

त्यांनी ते स्थळ सोडलं. पण पुढच्या महिन्यात काकांनी फोन करून विचारलं, "तुमचं ते वाक्य काढून टाकलंत का? राहू दिलं असतं तरी चाललं असतं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर सांगतो, ते कोणालाही लागू पडतं."

* * *

दामले साहेबांबद्दल दोन शब्द. साहेब आधी कापड गिरणीच्या मशीनचे सेल्समन होते. प्रोग्रामिंगमधलं त्यांना एकच कळायचं, पण ते ठाम कळायचं. कुठलीही अडचण सांगा, "डबा मोठा घ्या!" म्हणायचे. नाव तुटतंय? डबा मोठा घ्या. रिपोर्ट उशिरा येतोय? डबा मोठा घ्या. एकदा एसी गळत होता तेव्हाही सवयीने तेच म्हणाले, आणि तेव्हा मात्र ते बरोबर होतं.

निलेशचं बरोबर उलटं. त्याचा जीव जागेत अडकलेला. हार्ड डिस्कवरची जागा जशी काही याच्या गावातली जमीन! आईने शिकवलेलं, भात जेवढा तेवढंच पातेलं. प्रत्येक व्हेरिएबल मापून घ्यायचा. मी सांगून दमले, "अरे, जागा आहे रे!" तर म्हणायचा, "आहे म्हणून नासायची?"

याच्यापायी पुढचं सगळं रामायण झालं.

* * *

चेंदणी कोळीवाड्यातलं एक घर मुलगी बघायला डोंबिवलीला गेलं. चांगली, मानाची माणसं. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मुलाच्या आईने घरचे उत्तम सोडे डबाभर नेले. सोडे म्हणजे वाळवलेली कोळंबी. आणि ते घर निघालं कांदा-लसूणही न खाणारं! डबा उघडला तशी मुलीची आजी उठून आत गेली ती बाहेरच आली नाही.

मुलाची आई मंडळात येऊन कडाडली, "आम्हाला सांगायचं नाय? आमची काय इज्जत नाय?"

मुलीकडचे म्हणाले, "फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलंय, मुलगा शुद्ध शाकाहारी असावा."

छापलेल्या कागदावर मात्र अपेक्षा म्हणून एवढंच होतं: 'सुशिक्षित, सुस्वभावी, स्वतःचं घर, आईवडिलांना मान देणारा, मुल'. पुढे काही नाही.

परांजपे काका स्वतः माफी मागायला मुलीकडे गेले. म्हणाले, "तो डबा द्या, मी परत पोचवतो." मुलीचे काका जिन्यापर्यंत मागे आले आणि हळूच म्हणाले, "डब्याची घाई नाही हो."

ते काही असो, परांजपे काका भयंकर चिडले होते. त्यांनी साहेबांना सांगितलं, या आठवड्यात हे सापडलं नाही तर मंडळ दुसरीकडे जाईल. साहेब निलेशला म्हणाले, "डबा मो..." आणि निलेशचं तोंड बघून गप्प बसले.

कारण त्याच रविवारी निलेशचा साखरपुडा होता.

* * *

हो! जमलेलं! मंडळातूनच. मुलगी सुजाता, कल्याणला शाळेत शिक्षिका. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. पहिल्या भेटीला निलेश ऑफिसातून थेट गेलेला, प्रिंटरची रिबन बदलून. दोन्ही हात काळे. वडिलांनी ते हात बघितले आणि तिथेच पसंत केला. म्हणाले, "हाताने काम करणारा मुलगा आहे. बरं वाटलं." मुलाच्या कागदावर नोकरी म्हणून छापलेलं होतं: 'वागळे इस्टेट, कायम, इंजिनिअर'. नोकरीचा डबाही मापातलाच! तिथेही पुढचं कापलं गेलेलं, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. निलेश आणि सुजाता काळ्या तलावावर फिरून आले. इतका मुका पोरगा, पण त्या दिवशी म्हणे तासभर बोलत होता. त्याची आई मला फोनवर रडतच म्हणाली, "पोरगी मना पसंत हाय गो."

तर गुरुवारी दुपारी आम्ही दोघं ती चूक शोधायला बसलो. फॉर्मवर अपेक्षांना भरपूर जागा. डेटाबेसच्या तक्त्यातही भरपूर जागा. मग कापतंय कोण? मी म्हटलं, "कोणाची तरी लांबलचक अपेक्षा घे आणि आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा छाप."

"कोणाची घेऊ?"

मला नको तिथे चावटपणा सुचतो. म्हटलं, "सुजाताची घे ना! कळू दे तरी तिला काय काय हवंय."

तो लाजला, पण घेतली. बाहेर येताना छापलं: 'निर्व्यसनी, शांत, वाचनाची आवड, माझ्या नोकरीला हरकत न'. प्रोसीजरच्या आत मधेच एक डबा होता, निलेशने मापून घेतलेला, दीड ओळीचा. त्यात जेवढं मावलं तेवढं राहिलं, बाकीचं सांडलं. तक्रार नाही, एरर नाही, काही नाही.

"सापडलं!" मी टाळी वाजवली.

निलेश आत जातानाची ओळ वाचत होता. पूर्ण अपेक्षा. '...माझ्या नोकरीला हरकत नसणारा. मुलगा कॉम्प्युटर क्षेत्रातला अजिबात नको.'

सुजाताचे मोठे मेहुणे कॉम्प्युटरमधले होते, हे आम्हाला माहीत होतं. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीतून ऑफिसचा फोन आला म्हणून उठून गेलेले. वडिलांनी तेव्हाच कानाला खडा लावलेला असणार.

"अरे, सोमवारी दुरुस्त कर!" मी म्हटलं. "चार दिवसांनी काय बिघडतंय?"

साहेबही आले, त्यांनी वाचलं. जन्मात ज्या माणसाने 'कालच का नाही झालं?' याशिवाय दुसरा प्रश्न विचारला नाही, तो म्हणाला, "घाई कशाला करतोस, निलेश? नीट, सावकाश, रविवारनंतर बघ."

निलेशने तिथल्या तिथे तो डबा मोठा केला, नोकरीचाही केला. प्रोसीजर चालवली. सुजाताचा आणि स्वतःचा, असे दोन कागद नव्याने छापले, पूर्ण. मग मला म्हणाला, "मीनल, तू येशील का बरोबर? मी बोलायला लागलो की तोंडातून शब्द फुटत नाही."

* * *

शनिवारी सकाळी आम्ही कल्याणला सुजाताच्या घरी. घरात साखरपुड्याची तयारी, कोपऱ्यात साखरेच्या पुड्या. वडिलांना वाटलं, मानपानाचं काहीतरी बोलायला आले. निलेशने दोन्ही कागद पुढे ठेवले.

त्यांनी वाचले. चष्मा काढला. पुसला. परत वाचले.

"म्हणजे तुम्ही कारखान्यात नाही?"

"कारखान्याच्या वर," निलेश म्हणाला.

"कॉम्प्युटर?"

"हो."

"आणि हे असं अर्धवट छापलं, ती चूक कोणाची?"

"माझीच."

"सापडली कोणाला?"

"मलाच."

मी आपली साखरेच्या पुड्यांकडे बघत बसले, दुसरीकडे बघायची हिंमतच होईना. वडिलांनी हाक मारली, "सुजाता! जरा बाहेर ये. तुला माहीत होतं हे?"

सुजाता दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत, अगदी शांत.

"फिरायला गेलो तेव्हाच यांनी सांगितलं सगळं. तासभर प्रोसीजरबद्दलच बोलत होते."

"मग आपली अट?"

"ती तुमची अट होती, बाबा. तुम्ही सांगत होतात आणि मी लिहीत होते. आमच्या शाळेतल्या निम्म्या बायकांची नावं त्या मंडळात आहेत. सगळ्यांचे कागद मी बघितलेले. अपेक्षा कितीही लिहा, दीड ओळीच्या पुढे छापतच नाहीत. म्हणून माझ्या अपेक्षा आधी लिहिल्या आणि तुमची शेवटी टाकली."

वडिलांचं तोंड उघडंच राहिलं. माझंही. आता या क्षणी कुठल्याही शहाण्या माणसाने काय करावं? हसावं, गप्प बसावं, सासऱ्याच्या पाया पडावं!

निलेश ताडकन उभा राहिला. चेहरा लालबुंद. त्या घरात पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"एवढं सगळं तुम्हाला आधीपासून माहीत होतं? दीड ओळीपर्यंत? मग मंडळात तक्रार का नाही केलीत?"

सुजाता म्हणाली, "केली असती तर तुम्ही दुरुस्त केलं असतं ना!"